बाबांच्या भजनांच्या कॅसेटी आणि टेपा सर्व्हरवरून फोनवर ऐकवायच्या आहेत. फाइली कशा तयार कराव्यात?

मानेवाडा_रिंगरोड (शनिवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण मनापासून विचारतेय.

माझे बाबा आमच्या मोहल्ल्यातल्या गुरुदेव सेवा मंडळाची, म्हणजे तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं रेकॉर्ड करायचे. १९९१ पासून टेपरेकॉर्डरवर, २००२ नंतर मिनी डीव्ही कॅमेऱ्यावर. घरात २१२ कॅसेटी आणि ६४ व्हिडिओ टेपा निघाल्या. गाणाऱ्यांपैकी निम्मे आता नाहीत. त्यांची मुलं-नातवंडं कुही, भिवापूर, काटोल, मौदा अशी पसरलेली आहेत. पुण्यतिथीच्या आधी हे सगळं एका सर्व्हरवर ठेवायचं आणि कोणालाही फोनवर लगेच ऐकता-पाहता यावं, एवढीच इच्छा आहे.

भावाच्या मित्राने एक छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन दिला. मी नमुन्यादाखल सहा व्हिडिओ आणि दहा कॅसेटी चढवल्या. अडचणी अशा:

व्हिडिओवर बोट ठेवलं की नुसता भोवरा फिरत राहतो. कुहीच्या मावशींकडे चार मिनिटं फिरला आणि मग एकदम सुरू झाला. पुढे सरकवायला गेलं की पुन्हा पहिल्यापासून. खंजिरी वाजवणाऱ्याचा हात हलला की बोटांवर कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे काही व्हिडिओंत माझ्या लॅपटॉपवर, हेडफोनवर आवाज अगदी व्यवस्थित, पण मावशींच्या फोनवर गाणाऱ्याचा आवाजच नाही. चित्र चालू, माणसाचं तोंड हलतंय, आणि मागे नुसती सळसळ.

मला थोडंफार संगणकाचं येतं. कोणी सांगितलं तर शिकेन.

बर्डीकर (रात्री ९:४२)

ताई, आधी भोवऱ्याचं पाहू. एमपी४ फाइलमध्ये 'मूव्ह' नावाचा एक भाग असतो. पोथीची अनुक्रमणिका समजा. कुठलं चित्र, कुठला आवाज फाइलमध्ये कितव्या बाइटपाशी आहे हे त्यात लिहिलेलं असतं. फाइल तयार करणारं सॉफ्टवेअर हा भाग शेवटी लिहितं, कारण सगळं काम संपल्याशिवाय अनुक्रमणिका पूर्ण होत नाही. मग फोनला ती हाती लागेपर्यंत पहिलं चित्रही दाखवता येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. व्हिडिओ फाइली बदलणाऱ्या एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमध्ये 'मूव्हफ्लॅग्ज' या पर्यायाला 'फास्टस्टार्ट' द्यायचं. त्याच कामाचं हँडब्रेक वापरत असाल तर त्यात वेबसाठी अनुकूल करण्याची एक चौकट असते, तिच्यावर खूण करायची. अनुक्रमणिका पुढे येते. पुन्हा एन्कोड करायची, म्हणजे चित्र-आवाज नव्याने दाबून लिहायची गरज नाही, जुन्या फाइलीतला मजकूर तसाच उचलून नवीन फाइलीत ठेवता येतो. एका तासाच्या व्हिडिओला काही सेकंद लागतात.

अंबाझरी_काठ (रात्री १०:०५)

बर्डीकरांचं अर्धं बरोबर आहे. सर्व्हर नीट असेल तर अनुक्रमणिका शेवटी असूनही ब्राउझर तिथे उडी मारून ती आणतो, कारण 'मला फाइलचा अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंतचाच तुकडा दे' असं तो मागू शकतो. याला रेंज रिक्वेस्ट म्हणतात, आणि सर्व्हरने २०६, म्हणजे 'हा घ्या तुकडा', असं उत्तर द्यायला हवं. ताईंकडे पुढे सरकवल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतंय, म्हणजे सर्व्हर रेंज मानतच नाही, २०० म्हणून अख्खी फाइल ओततोय.

ताई, फाइल थेट देताय की मध्ये एखादी स्क्रिप्ट आहे?

मानेवाडा_रिंगरोड (रात्री १०:२०)

मध्ये स्क्रिप्ट आहे. किती जणांनी ऐकलं ते मोजायला भावाच्या मित्राने टाकली होती.

अंबाझरी_काठ (रात्री १०:२६)

तीच ती. स्क्रिप्ट काढा, एनजिन्एक्स या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरला थेट फाइल देऊ द्या. तो रेंज आपोआप मानतो आणि मोजणी त्याच्या नोंदवहीतूनही करता येते. आयफोनवर तर रेंजशिवाय व्हिडिओ सुरूच होत नाही. जाता जाता फाइलींचा प्रकारही सर्व्हर बरोबर सांगतोय का ते पाहा. एमपी४ ला 'व्हिडिओ/एमपी४' असंच जायला हवं, नाहीतर काही फोन पाहण्याऐवजी उतरवून घ्यायला लागतात.

उमरेड_एसटी (रात्री १०:५१)

फाइलींची नावं इंग्रजी छोट्या अक्षरांत ठेवा ताई, मध्ये जागा सोडू नका. भजनाचं नाव मराठीत पानावर लिहा, फाइलीला देऊ नका. मी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फाइलींना मराठी नावं दिली, तर दुवा व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर टक्क्यांची चिन्हं आणि आकड्यांची दोन ओळींची माळ व्हायची आणि मध्येच तुटायची. अर्ध्या पालकांना काही उघडलंच नाही.

महालातला_वाडा (रात्री ११:१५)

माझं मत वेगळं आहे. एकच मोठी एमपी४ ठेवण्यापेक्षा सरळ एचएलएस करा. ॲपलने २००९ मध्ये आणलं आणि आज बहुतेक ठिकाणी चालतं. व्हिडिओचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे करायचे, त्यांची एक यादी, म्हणजे एम३यू८ फाइल, आणि तोच व्हिडिओ दोन-तीन दर्जांत ठेवायचा. नेट चांगलं असेल तर फोन मोठा तुकडा उचलतो, टॉवर कमी झाला की लहान. काटोलच्या संत्र्याच्या बागेत बसून ऐकणाऱ्याला हाच मार्ग आहे.

दिघोरी_नाका (रात्री ११:३०)

वाडासाहेब, चाळीस-पन्नास माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला? ६४ तासांचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे म्हणजे ३८,४०० फाइली, त्याही एका दर्जाच्या. तीन दर्जांच्या लाखाच्या वर. चढवता-उतरवता एक तुकडा राहिला तर भजन मध्येच अडकणार. मी अकरा वर्षं हेच काम करून राहिलो. लहान समूहासाठी फास्टस्टार्ट केलेली एक एमपी४ आणि सोबत केवळ आवाजाची एक फाइल, एवढ्यात काम होते.

महालातला_वाडा (रात्री ११:४४)

फाइलींची संख्या हे कारण मला पटत नाही. तुकडे वेगळे न ठेवता एकाच फाइलीत ठेवून यादीत फक्त बाइटांचे पत्ते देता येतात. खरी गोष्ट अशी आहे की एमपी४ चा दर्जा तुम्ही एकदा ठरवला की ठरला. सेकंदाला १.२ मेगाबिटचा ठरवला आणि गावात ६०० किलोबिटच मिळाले, तर भोवरा फिरणारच, मग अनुक्रमणिका पुढे असो की मागे.

दिघोरी_नाका (रात्री ११:५८)

हे मान्य. म्हणूनच केवळ आवाजाची फाइल म्हणतो. भजन आहे हो, ऐकायचंच आहे. ज्याला चित्र मिळत नाही त्याला निदान आवाज अखंड मिळाला पाहिजे. ९६ किलोबिटचा आवाज कुठेही पोचतो.

तर्री_जास्त (रविवार, सकाळी ७:५०)

रात्रभर तुम्ही दोघं भांडत होता आणि मी वाचत होतो. आता तर्री पोहे खायला या, मी खाऊ घालतो. ताई, कॅसेट नंबर लिहून ठेवा बरं, माझे काका पण खंजिरी वाजवायचे.

काटोलची_संत्री (सकाळी ९:३०)

महालातला_वाडा यांना दुजोरा. बागेत बसून ऐकणारी मीच आहे :) दुपारी नेट बरं असतं, संध्याकाळी सगळे घरी आले की मरतं. एकाच व्हिडिओला दिवसातून दोन वेळा वेगवेगळा अनुभव येतो. पण एक सांगते, माझ्या सासऱ्यांना चित्राची गरज नाही. ते फोन खिशात ठेवून झाडांना पाणी देतात. पडदा बंद केल्यावर भजन थांबलं तर ते चिडतात. त्यामुळे आवाजाची वेगळी फाइल हवीच, व्हिडिओतला आवाज खिशात चालत नाही.

गोकुळपेठ_२ (सकाळी १०:१२)

कंगव्याच्या रेघांबद्दल कोणी बोललंच नाही.

मिनी डीव्ही टेपवरचं चित्र आडव्या ओळींनी विणलेलं असतं. आपल्याकडे टीव्हीची पाल पद्धत, सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांचं असतं. सम ओळी एका क्षणाच्या, विषम ओळी त्यानंतर पन्नासाव्या भागाच्या. जुना टीव्ही ते तसंच दाखवायचा. फोनचा पडदा दोन्ही अर्धी एकदम दाखवतो, म्हणून हलणारी बोटं दातेरी दिसतात. एन्कोड करताना ही वीण उसवायची, याला डीइंटरलेस म्हणतात. एफएफएमपेगमध्ये 'याडिफ' किंवा त्याहून बरं 'बीडब्ल्यूडिफ' नावाचं फिल्टर आहे.

आता इथे माझा आग्रह ऐका. बहुतेक जण उसवताना २५ चित्रंच ठेवतात. तुम्ही ५० ठेवा. अर्ध्या-अर्ध्यातून एक-एक पूर्ण चित्र करा. खंजिरीवर चालणाऱ्या बोटांची जी लगबग आहे ती २५ मध्ये निम्मी मरते. मी आमच्या आजोबांच्या टेपेवर दोन्ही करून पाहिलं. २५ वाल्यात हात इथून तिथे उडी मारतो. ५० वाल्यात अंगठ्याजवळचा थापेचा हात आणि चकत्या हलवणारा मनगटाचा झटका वेगवेगळे दिसतात. शिकणारा पोरगा ते पाहून शिकू शकतो. थोडा बिटरेट (सेकंदाला लागणारे बिट) जास्त लागतो, लागू द्या.

आणि डीव्हीमध्ये खालची अर्धी आधी असते. फिल्टरला उलटं सांगितलं तर माणूस पुढे-मागे थरथरताना दिसतो.

गोकुळपेठ_२ (सकाळी १०:१९)

राहिलं: टेपेवरचं चित्र ७२० बाय ५७६ असतं, पण ठिपके चौकोनी नसतात. ७६८ बाय ५७६ करून घ्या, नाहीतर सगळी मंडळी किंचित सुकल्यासारखी दिसतात. आणि एचडी म्हणून १०८० करू नका. टेपेत जे नाहीच ते फुगवून येत नाही, फाइल मात्र फुगते.

पाचपावली_पूल (सकाळी ११:०५)

मुळात टेपा संगणकात कशा घेतल्या? पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना लावून यूएसबीच्या छोट्या डबीतून घेतल्या असतील तर पुन्हा घ्या. डीव्ही टेपेवर आधीच आकडे आहेत. फायरवायरने, म्हणजे कॅमेरा थेट संगणकाला जोडणाऱ्या जुन्या वायरीने घेतलं तर जसेच्या तसे उतरतात, काहीही न बिघडता. जुना संगणक आणि फायरवायर कार्ड इतवारीत जुन्या सामानात मिळू शकेल. तासाला सुमारे १३ जीबी लागते, ६४ तासांना ८३० च्या आसपास. दोन टेराबाइटच्या दोन डिस्क घ्या, एक घरात, एक भावाकडे.

आमच्याकडे एका दुकानात लग्नाच्या टेपा दिल्या होत्या. त्याने डीव्हीडी करून दिल्या आणि 'आता टेपांचं काय काम' म्हणून आईने त्या भंगारात दिल्या. आज डीव्हीडीवर चित्राचे चौकोन-चौकोन दिसतात आणि मूळ काही उरलं नाही. लोकांना द्यायची प्रत लहान करा, पण उतरवलेलं मूळ कधीही लहान करू नका.

मानेवाडा_रिंगरोड (दुपारी १२:४०)

टेपा फायरवायरनेच घेतल्या, बाबांचा जुना संगणक अजून चालतो. त्यांनी मॉनिटरवर चिठ्ठी लावलेली होती, 'आधी रिकामी टेप चालवून हेड साफ'. तसंच करत आले.

स्क्रिप्ट काढली आणि फास्टस्टार्ट करून चढवलं. कुहीच्या मावशींनी आत्ताच फोन केला, पाच सेकंदांत सुरू झालं म्हणाल्या! तुम्हा दोघांचेही मनापासून आभार.

पण आवाज अजूनही नाही.

बर्डीकर (दुपारी १२:५५)

आवाज बहुधा डीव्हीतला पीसीएम, म्हणजे न दाबलेला मूळ आवाज, तसाच एमपी४ मध्ये गेला असेल. सगळे फोन तो वाजवत नाहीत. एएसी या फोनवर चालणाऱ्या पद्धतीत करा.

मानेवाडा_रिंगरोड (दुपारी १:१०)

एएसीच आहे, तपासलं. आणि सगळ्याच व्हिडिओंत नाही होत. सहापैकी दोघांतच. ते दोन्ही २००६ नंतरचे आहेत.

अंबाझरी_काठ (दुपारी १:३०)

त्याच फोनवर हेडफोन लावून पाहायला सांगा.

मानेवाडा_रिंगरोड (दुपारी २:०५)

हेडफोन लावला की येतो! पण मावशी म्हणतात, 'आवाज कुठून येते समजत नाही, डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटते.'

जुना_साउंडवाला (दुपारी ३:२०)

ताई, हे मी सांगतो. चाळीस वर्षं गणपती, मारबत, प्रवचनं, सगळ्यांचा साउंड केला. मावशींनी 'डोक्याच्या मागून' म्हटलं तिथेच समजलं.

२००६ मध्ये मंडळाने मिक्सर घेतला असेल. त्याआधी कॅमेऱ्याचाच माईक असेल. बाबांनी मिक्सरच्या आउटपुटमधून वायर काढून कॅमेऱ्याच्या माईकच्या भोकात लावली. मिक्सरचं ते आउटपुट बॅलन्स्ड असतं. त्यात एकच आवाज दोन तारांवर जातो, एकीवर सुलटा आणि दुसरीवर उलटा. स्टेजवर लांब वायरीतला खरखराट मारायला ती पद्धत आहे. कॅमेऱ्याला वाटतं या दोन तारा म्हणजे डावा आणि उजवा. मग टेपेवर डावीकडे सुलटी लाट, उजवीकडे तीच लाट उलटी.

हेडफोनवर दोन कानांत दोन वेगळ्या जातात म्हणून ऐकू येतं, फक्त पोकळ वाटतं. एकच स्पीकर असलेला फोन डावं-उजवं मिळवतो. सुलट अधिक उलट म्हणजे शून्य. गाणारा पुसला जातो. दोन्हीकडची खरखर मात्र वेगवेगळी असते, ती पुसली जात नाही. ती सळसळ तीच.

ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, दोन पट्टे वेगळे करा, बारकाईने मोठं करून पाहा. एकीकडे डोंगर असेल तिथे दुसरीकडे दरी असेल. एक पट्टा उलटा करा, मग दोन्ही मिळवून एकच मोनो करा. आवाज परत येईल आणि खरखर आधीपेक्षा कमी होईल.

तुमच्या बाबांची काही चूक नाही यात. वायर बसली, मीटर हलला, हेडफोनमध्ये आवाज आला. त्या गर्दीत कोणीही पुढे गेलं असतं. मीही एकदा केलं आहे.

मानेवाडा_रिंगरोड (दुपारी ४:४८)

काका, डोंगराच्या समोर दरीच होती. अगदी आरशासारखी.

उलटवून मोनो केलं आणि मावशींना पाठवलं. त्या काही बोलल्याच नाहीत बराच वेळ. त्या टेपेत त्यांचे यजमान गातायत. त्यांचा आवाज मावशींनी तेरा वर्षांनी ऐकला.

तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

जुना_साउंडवाला (संध्याकाळी ५:१५)

आभार नको बेटा. बाकीच्या टेपा तपास, २००६ नंतरच्या सगळ्या.

महालातला_वाडा (संध्याकाळी ५:४०)

साउंडवाले काका, साष्टांग नमस्कार. आम्ही कोडेक-कोडेक (फाइल दाबायच्या पद्धती) करत बसलो होतो.

सोनेगाव_तलाव (संध्याकाळी ६:३०)

आवाजावर विषय आलाच आहे तर कॅसेटींबद्दल दोन गोष्टी, कारण २१२ कॅसेटी हा खरा खजिना आहे.

खंजिरी हे वाद्य फाइल लहान करणाऱ्यांची परीक्षा घेतं. कातड्यावरची थाप एका क्षणात उसळते आणि पितळी चकत्यांचा किणकिणाट अगदी वरच्या पट्टीत असतो. एमपी३ ची एक फ्रेम आवाजाच्या ११५२ नमुन्यांची, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुन्यांच्या दराने २४ मिलिसेकंदांची. बिटरेट कमी असला की थापेतली अशुद्धता त्या सगळ्या वेळात पसरू शकते, थापेच्या आधीसुद्धा. टणक थाप 'फस्स-टप्' अशी ऐकू येते. एएसी गरज पडली की १२८ नमुन्यांच्या छोट्या तुकड्यांत काम करतं, त्यामुळे तीच थाप बरीच नेटकी राहते. माझ्या कानाने मोनोला ९६ किलोबिट एएसी पुरेसं. ६४ ला बोलणं उत्तम, खंजिरी मात्र मातकट. ३२ वाल्या एचई-एएसी या एएसीच्या काटकसरी प्रकारात तर वरच्या पट्ट्या खऱ्या नसतातच, खालच्यांवरून अंदाजाने उभ्या केलेल्या असतात. ९६ ने तासाला ४३ एमबी होतात, २१२ तासांचे साधारण ९.२ जीबी. एवढी जागा कुठेही मिळते.

दुसरी गोष्ट, हेडचा कोन. कॅसेट ज्या डेकवर भरली त्याचा हेड आणि तुमच्या डेकचा हेड एका रेषेत नसेल तर वरच्या पट्ट्या जातात, म्हणजे आधी चकत्याच जातात. डेकवर हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो. मोनो ऐकत तो अगदी हळूहळू फिरवायचा आणि जिथे किणकिणाट सगळ्यात उजळ होतो तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेटला नव्याने. कंटाळवाणं काम आहे, पण हे नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही.

सॉफ्टवेअरने खरखर काढायचा मोह टाळा. किणकिणाट आणि खरखर एकाच पट्टीत राहतात. एक काढली की दुसराही जातो, आणि मग मंडळ पाण्याखाली बसून भजन म्हणतंय असं वाटतं.

लक्ष्मीनगर_चौक (रात्री ८:०२)

ओपस हे आवाजाचं कोडेक वापरा की! २०१२ चं, मोकळं, आणि ४८ किलोबिटला एएसीपेक्षा सरस.

सोनेगाव_तलाव (रात्री ८:२०)

दर्जाबद्दल शंभर टक्के सहमत. पण जुने आयफोन आणि गावातले साधे फोन काय करतील याची खात्री नाही देता येत. ऐकणारे सत्तरीचे आहेत. त्यांना 'दुसरा ब्राउझर टाका' म्हणता येत नाही. याच कारणाने व्हिडिओलाही २००३ चं एच.२६४ च ठेवा, आठ बिटमध्ये. नंतरच्या एच.२६५ ने फाइल बरीच लहान होते, पण ते कोणाकडे चालेल आणि कोणाकडे काळा पडदा येईल हे पाठवण्याआधी कळत नाही.

दिघोरी_नाका (रात्री ९:००)

ताई, आता आकडे एकदा मांडतो, म्हणजे कामाला लागता येईल. एच.२६४, ५० चित्रं, सीआरएफ (दर्जाचा आकडा) २१, पण वरची मर्यादा १.२ मेगाबिट. दर दोन सेकंदांना, म्हणजे १०० चित्रांना, एक की-फ्रेम (स्वतःपुरतं पूर्ण चित्र), म्हणजे सरकवल्यावर लगेच पकडतं. आवाज मोनो एएसी ९६. तासाला साधारण ५८५ एमबी, ६४ तासांचे ३७ जीबी. वाडासाहेबांचा मान ठेवून सांगतो, की-फ्रेम अशा ठेवल्या तर उद्या एचएलएस करायचं ठरलं तरी या फाइली पुन्हा एन्कोड न करता कापता येतात.

महालातला_वाडा (रात्री ९:१२)

हे मला पूर्ण मान्य. ५०० किलोबिटची एक लहान प्रतही त्याच की-फ्रेमवर करून ठेवा, तेव्हा कामी येईल.

पाचपावली_पूल (रात्री ९:३०)

एन्कोड रात्री लावा. माझा संगणक मे महिन्यात दुपारी एन्कोड करता करता स्वतःच बंद पडायचा. आणि कूलरच्या वाऱ्यात ठेवू नका. वाळ्याच्या ताटीचा गारवा माणसाला बरा, पण त्या ओलाव्याने माझ्या मदरबोर्डवर हिरवट पूट चढलं. कॅसेटींनाही तीच गोष्ट, पावसाळ्यात पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट डेकमध्ये घालूच नका, बुरशी हेडवरून पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते.

सिव्हिल_लाइन्स (रात्री १०:१०)

एक कायद्याचा मुद्दा, घाबरवायला नाही. तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८ चं. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढची ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२८ संपेपर्यंत आहे. गाणाऱ्यांचा स्वतःचा हक्कही असतो, तो ५० वर्षांचा. तेव्हा मोझरीच्या गुरुकुंज आश्रमाला एक पत्र लिहा, आणि गाणाऱ्यांच्या घरून साध्या कागदावर संमती घ्या. तुमच्या कामाला कोणी नाही म्हणेल असं वाटत नाही, पण विचारलेलं बरं. घरच्या लोकांनाही मान दिल्यासारखं होतं.

मानेवाडा_रिंगरोड (रात्री १०:४५)

पत्र उद्याच लिहिते. संमतीसाठी तर घरोघरी जायचंच होतं, कारण कॅसेटींवर बाबांनी फक्त तारीख आणि 'नेहमीची मंडळी' एवढंच लिहिलंय. कोण गातंय हे घरच्यांनाच विचारावं लागेल. नावं कळली की फाइलीच्या आतच लिहून ठेवीन.

मानेवाडा_रिंगरोड (पुढचा रविवार, संध्याकाळी ६:१५)

आठवड्याचं काम सांगते. २००६ नंतरच्या ४१ टेपांपैकी ३८ उलट्या निघाल्या, तीन बरोबर. त्या तीन दिवशी बहुतेक मिक्सर आणला नव्हता, कारण मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. सगळ्या सुलट्या झाल्या. मूळ टेपांच्या प्रतींना हात लावलेला नाही.

व्हिडिओ २२ चढले. आवाजाच्या फाइली वेगळ्या, खिशात चालणाऱ्या. काटोलच्या ताई, सासऱ्यांना सांगा.

कॅसेटींचं हळू चाललंय, दिवसाला चार. स्क्रू फिरवताना चकत्या एकदम उजळतात तो क्षण आता मला कळायला लागला आहे. काल १९९३ ची एक लावली, सुरुवातीला बाबा माईकवर बोट वाजवून 'आवाज येते का?' विचारतात. ते कापायचं नाही असं ठरवलं.

तर्री_जास्त (संध्याकाळी ६:४०)

कापू नका. आणि ताई, १९९५-९६ च्या कॅसेटी लागल्या की मला कळवा. काका डावखुरे होते, खंजिरी उजव्या हातात धरायचे. व्हिडिओत नसतील, पण ते सुरू करायच्या आधी दोनदा खोकायचे. ऐकलं की मी ओळखीन.

मानेवाडा_रिंगरोड (संध्याकाळी ७:०२)

दोनदा खोकणारे एक जण आहेत भाऊ. कॅसेट क्रमांक ५७, दुसरी बाजू. रात्री चढवते.